दिवाणाखालचा सॉस

"सॉस कुणीही करतं. तो टिकवणं हे केमिस्टचं काम आहे," असं नागेश देवकाते जेवता जेवता म्हणाला. त्याच्या बायकोनं, मनिषानं, त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. याचा अर्थ तिला पटलं, असा नागेशनं घेतला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत इतके गळीत हंगाम काढले की आपलं म्हणणं पटतं असं वाटायची सवयच लागते. समोर बहुतेक वेळा काचेची भांडी असतात आणि ती उलट बोलत नाहीत.

विषय निघाला टोमॅटोवरून. शहाण्णव सालच्या फाल्गुनात लासुर्ण्यात टोमॅटोला कुणी विचारीना. नागेशच्या थोरल्या भावानं, जोतीरामनं, उसाच्या कडेनं लावलेला सगळा माल क्रेटात भरून त्याच्या ओट्यावर आणून ठेवला. "जनावरंबी तोंड लावंनात," तो म्हणाला. "तुज्याकडं फ्रीज हाय, बघ कायतरी."

नेमकं पुढच्याच वैशाखात माळेगाव बुद्रुकला मनिषाच्या धाकट्या भावाचं, राजवर्धनचं, लग्न होतं. मुलगी पुण्याची. पुण्याचे पाहुणे येणार म्हणून जेवणात कटलेट ठेवायचं ठरलं होतं आणि कटलेटला सॉस लागतो हे माळेगावात आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मनिषा माहेरी बोलून बसली, "सॉस आमच्या घरचा. हे करणार आहेत." तिचे वडील संभाजीराव यांनी ते फोनवरून विहीणबाईंना कळवलं. विहीणबाई म्हणाल्या, "घरचा? वा." त्या 'वा'मध्ये कौतुक होतं की शंका, ते फोनवर कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे मनिषाची माहेरातली पत तेव्हापासून टोमॅटोवर उभी होती.

सॉस एका रविवारी झाला. उकडलेले टोमॅटो चाळणीतून काढून, कांदा, लसूण, मिरे, लवंग फडक्यात बांधून, साखर घालून मनिषानं तो मोठ्या पातेल्यात आटवला. नागेश शेजारी थर्मामीटर घेऊन उभा होता. रंग छान आला, चव छान आली. प्रश्न एवढाच होता की लग्नाला दोन महिने होते, घरातला फ्रीज एका कलिंगडानं भरत होता, आणि दुपारी वीज गेली की तो फ्रीज हे नुसतं पांढरं कपाट होतं.

उत्तरं मात्र दारात चालत आली. शेजारचे महिपती तात्या म्हणाले, "वाळूत पुरा. माठ ठिवता तशी बाटली ठिवायची, वरनं पानी मारायचं. आमच्या आज्यानं आंबं असंच ठिवलं हुतं."

"मग टिकले का?"

"न्हाय. पर थंड हुतं."

पलीकडच्या सरुबाईंचा तेलावर विश्वास होता. "लोनच्यागत वरनं च्यार बोटं त्याल सोडा. त्याल असलं की कायबी हुत न्हाय."

"मावशी, कटलेटवर तेल ओतायचं का मग?"

"न्हायतर काय सुकं खायाचं?" सरुबाई म्हणाल्या. त्यांना कटलेट म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही ते विचारायची गरज मानली नव्हती.

नागेशनं दोघांचं ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात दोघांनाही बाद केलं. त्याची योजना तयार होती: चांगल्या बाटल्या, घट्ट बूच, वरून मेण, आणि आत नासणं रोखणारं सोडियम बेंझोएट. हा शब्द त्यानं तात्यांना दोनदा सावकाश म्हणून दाखवला. तात्यांनी आदरानं मान हलवली आणि संध्याकाळपर्यंत आळीत बातमी झाली की देवकात्यांचा नागेश सॉसात कसलंतरी औषध टाकणार हाय.

बाटल्या मिळाल्या बारामतीत, भंगारवाल्याकडे. गावात रिकाम्या होणाऱ्या बाटल्यांत बहुमत कशाचं असतं हे वेगळं सांगायला नको. नागेशनं काच निरखली, जाडी पाहिली, फिरकीची झाकणं तपासली आणि पोतं भरून घेतलं. एम-एटीच्या मागं ते पोतं बांधून तो भवानीनगरवरून लासुर्ण्यात आला, तेव्हा रस्त्यातला प्रत्येक खड्डा ते पोतं मोठ्यानं जाहीर करत होतं. चौकातल्या हॉटेलाबाहेर बसलेल्यांपैकी एकानं उठून नमस्कार केला. "सायब, इतकं एकट्यानं? आमी काय पाप केलंय?" नागेशनं गाडी थांबवून, या बाटल्या सॉससाठी आहेत, असं समजावून सांगितलं. ते ऐकून सगळे फार समजूतदारपणे हसले. समजावलं नसतं तर बरं झालं असतं, हे त्याला घरी पोचल्यावर मनिषानं सांगितलं.

बेंझोएटचं प्रकरण जास्त लांबलं. बारामतीतल्या रसायनांच्या दुकानदाराला लेटरहेड हवं होतं. कारखान्याचं लेटरहेड घरच्या कामाला वापरणं नागेशच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुकानदार म्हणाला, मग लघुउद्योगाची नोंदणी दाखवा. म्हणून नागेश एक रजा टाकून संबंधित कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनानं नवा अर्ज काढून पेन सरळ धरलं.

"घटकाचं नाव?"

"घटक नाही. घरी करतोय."

"कामगार किती?"

"मी आणि मंडळी."

"उत्पादन विक्रीसाठी?"

"नाही हो, मेव्हण्याच्या लग्नासाठी."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "लग्नाचं आमच्याकडं काही नसतं. स्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनला जा."

"स्पीकरचा काय संबंध?"

"तेच म्हणतोय, आमचाही काय संबंध? असं करा, हे काम घरगुती आहे असा ग्रामपंचायतीचा दाखला आणा. म्हणजे आमची नोंदणी तुम्हाला लागत नाही असं आम्हाला लिहून देता येतं का, ते बघतो."

ग्रामपंचायतीत घरगुती सॉसाचा छापील दाखला नव्हता. ग्रामसेवक भला माणूस होता. त्यानं कपाट उपसून पाहिलं, हळहळला, आणि आपल्या अधिकारात होता तो दाखला दिला: श्री. नागेश देवकाते हे मौजे लासुर्णे येथील कायमचे रहिवासी आहेत. तो घेऊन पुन्हा त्या कार्यालयात जाण्याचं बळ नागेशमध्ये उरलं नव्हतं. त्यानं तो सरळ दुकानदारासमोर ठेवला. दुकानदारानं मजकूर वाचला नाही. गोल शिक्का उजेडात धरून पाहिला, "असं काहीतरी आधीच आणायचं ना," म्हणाला आणि पुडी बांधून दिली. नागेश लासुर्ण्याचा रहिवासी असल्यामुळे त्याचा सॉस टिकणार, यावर शासनाचं अशा रीतीनं शिक्कामोर्तब झालं.

पुढं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. त्याला साखर कारखानाच लागतो.

इतके दिवस मनिषानं रोज उकळी देऊन राखलेला सॉस बाटल्यांत भरण्याआधी नागेशनं त्यात आंबटपणा मोजायच्या कागदाची पट्टी बुडवली. पट्टी सांगत होती की सॉस आंबट आहे, चांगलाच आंबट. टोमॅटोचा सॉस आंबट असतो हे खाणाऱ्याला माहीत असतं, पण नागेश त्या क्षणी खाणारा नव्हता. उसाचा रस जरा जरी आंबट झाला तरी त्यातली साखर मोडते, हे तो इतकी वर्षं पाहत होता. रस आला की त्यात चुन्याची निवळी सोडायची, पट्टी सातवर आणायची, म्हणजे आंबटपणा संपला, मग पुढचं काम. हा त्याच्या आयुष्याचा क्रम होता. दोन महिने उन्हाळ्यात हा आंबटपणा आपल्या साखरेचं काय करील, या विचारानं तो मनिषाकडं वळला.

"पानाच्या डब्यातला चुना दे," तो म्हणाला.

मनिषा पातेल्यापुढं आडवी आली. "टोमॅटोत चुना?"

"कारखान्यात रोज घालतो. टाक्याच्या टाक्या. तू चहात कुठली साखर घालतेस मग?"

"मी चहात साखर घालते, सॉस घालत नाही."

पण तिनं डबा दिला. निवळी पडली, पट्टी सातवर आली, नागेशच्या चेहऱ्यावर समाधान आलं. सॉसचा लाल रंग थोडा विटकरीकडे झुकला. मनिषानं चमचा चाटून पाहिला आणि बराच वेळ काही शोधत असल्यासारखी उभी राहिली. "मचूळ लागतोय," ती म्हणाली. "टोमॅटो कुठं गेला?"

"स्थिर झालाय," नागेश म्हणाला.

बेंझोएट टाकून बाटल्या भरल्या, झाकणं पक्कडीनं आवळली, वर मेण ओतलं. मग ठेवायची जागा. नागेशनं दोन दिवस थर्मामीटर घरभर फिरवला. सगळ्यांत थंड जागा मोरीतल्या पिंपामागं निघाली, पण आपल्या भावाच्या लग्नाचं जेवण मोरीतून जाणार नाही, असं मनिषानं स्पष्ट सांगितलं. दुसरा नंबर बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाखालच्या जागेचा. अंधार, गारवा, मांजराला वाव नाही. बाटल्या तिथं ओळीनं गेल्या, समोर चादर सुटली, आणि नागेश पंधरा-वीस दिवस अत्यंत सुखात झोपला.

चैत्र लागला आणि एका रविवारी दुपारी संभाजीराव लग्नपत्रिका घेऊन आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, इस्त्रीचा फेटा. घरातली मानाची बैठक म्हणजे तो दिवाण. मनिषानं पन्हं केलं. महिपती तात्याही पाहुण्यांना रामराम करायला म्हणून आले आणि पन्हं पाहून बसले.

"जावईबापू, सॉसाचं कसं काय?" संभाजीराव म्हणाले. "विहीणबाई परवाच्याला पुन्यांदा इचारत हुत्या."

"सॉसची काळजी सोडा, मामा. तो आत्तासुद्धा तुमच्या—"

दिवाणाखाली ठक्क आवाज झाला.

संभाजीरावांनी खाली पाहिलं. "उंदीर हाय वाटतं."

"नसेल," नागेश म्हणाला. त्याला आवाज ओळखीचा वाटला नाही आणि ते त्याला आवडलं नाही.

मग दुसरी बाटली गेली. तिसरीची वाट पाहावी लागली नाही. एकीच्या हादऱ्यानं शेजारची, तिच्या धक्क्यानं पलीकडची, असं दिवाणाखाली लग्नाआधीच फटाके लागले. संभाजीरावांनी दोन्ही पाय वर घेतले, पण चादरीखालून सुटलेली पिचकारी त्याआधीच धोतरावर पोचली होती. लालसर, फेसाळ ओघळ फरशीवरून उंबऱ्याकडे निघाला. खोलीत शिळ्या ताडीसारखा आंबूस वास भरला.

सरुबाई दारात आल्या, त्यांनी धोतर पाहिलं आणि त्या जागीच बसल्या. "कुनी मारलं वं पावन्याला?"

"कुनी न्हाय मारलं," तात्या म्हणाले. त्यांनी पन्ह्याचा पेला उंच धरला होता. "सॉस हाय त्यो. वाळूत पुरला असता तर एवढा आवाज झाला नसता."

शेवटची बाटली शांत झाल्यावर नागेशनं काचा गोळा केल्या. न फुटलेल्या काही बाटल्या शिल्लक होत्या. सरुबाईंनी त्या उकळून घ्यायला सांगितल्या, निदान शेळीला घालायला. इथं मात्र नागेश ठाम राहिला. वास आलेल्या, न आलेल्या, सगळ्या बाटल्या त्यानं मागं खड्डा खणून त्यात रिकाम्या केल्या आणि कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. बिघडलेलं नेहमीच वासावरून कळतं असं नाही, एवढं त्याला माहीत होतं. काय बिघडवलं, ते अजून माहीत नव्हतं.

संभाजीराव नागेशचा पायजमा घालून परत निघाले. जाताना अतिशय गोड आवाजात म्हणाले, "बाजारातनं आनू की सॉस, जावईबापू. त्यात काय यवढं? विहीणबाईला सांगतो, पोरगी आपली सहज बोलून गेली हुती."

नागेशला धोतराचं वाईट वाटलं होतं. पण या वाक्यानंतर मनिषा स्वयंपाकघरात गेली, तिनं ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला, आणि वडिलांना एसटीपर्यंत सोडायला आली नाही, ते त्याला जास्त लागलं.

"मी सहज बोलले नव्हते," रात्री ती एवढंच म्हणाली.

उलगडा दोन दिवसांनी कारखान्यात झाला. हंगाम संपत आला होता, ऊस आत नेणाऱ्या गव्हाणीवर काहीतरी मोडलं आणि गाळप थांबलं. टाकीत चुना घातलेला, सातवर आणलेला, नियमानुसार निर्दोष रस अडकून पडला. दुपार कलायच्या आत त्याला फेस आला. असं प्रत्येक बंदला होत असे. नागेश नेहमीप्रमाणे त्याचा नमुना घेऊन उभा राहिला, त्यानं नाक जवळ नेलं, आणि त्याच्या नाकात त्याचा स्वतःचा दिवाण आला.

तो स्टुलावर बसला. कारखाना रस टिकवत नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. कारखाना रस थांबूच देत नाही. सातवर आणलेला रस लगेच आटतो म्हणून वाचतो; ठेवला की तो कुजवणाऱ्या प्रत्येक जिवाला आवतण देतो. टोमॅटोकडं स्वतःचा राखणदार होता, तो आंबटपणा. नागेशनं त्यालाच पानाच्या चुन्यानं घराबाहेर काढलं होतं. आणि एवढ्या दाखल्या-शिक्क्यांनी आणलेलं बेंझोएटसुद्धा आंबटातच काम करतं. तिथं ते नुसतं हजेरी लावून बसलं असणार. हे सगळं पुस्तकात होतं, नागेशनं वाचलंही होतं, पण परीक्षेसाठी.

घरी येऊन त्यानं मनिषाला सांगितलं की प्रयोगातून काही उपयुक्त निष्कर्ष निघाले आहेत. मनिषानं विचारलं, "चुना ना?" तो म्हणाला, "मुख्यत्वे."

जोतीरामनं टोमॅटोची झाडं कधीच उपटली होती. नागेश इंदापूरच्या बाजारातून टोमॅटो घेऊन आला, एकेक दाबून, डागाळलेला एकही न घेता. दारूच्या बाटल्यांना मनिषानं आता घरात येऊ दिलं नसतं, म्हणून त्यानं गावातल्या डॉक्टरांच्या माळ्यावर पडलेल्या सलाईनच्या जुन्या काचेच्या बाटल्या आणल्या. जाड काच, रबरी बूच, अंगावर मापाच्या रेघा. रेघा पाहून तर त्याला वाटलं, सॉस याच बाटलीसाठी जन्माला आला.

या वेळी कामाची वाटणी मनिषानं केली. चव तिच्याकडं, भांडी त्याच्याकडं. तिनं सॉस आटवला, त्यात व्हिनेगर घातलं आणि चुन्याचा डबा सरुबाईंकडे ठेवायला दिला. त्यानं बाटल्या आणि बुचं खळाखळा उकळली, बेंझोएट मापात मोजून आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवलं, सॉस उकळता असतानाच बाटल्या भरल्या, वर बोटभर जागा सोडली, बूच बसवून बाटली क्षणभर उलटी धरली म्हणजे बुचालाही आच लागावी. बाटल्या गार झाल्यावर त्या कोरड्या पुसून आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात गेल्या. दिवाणाखाली फक्त झाडू राहिला. लग्नापर्यंत नागेश रोज कपाट उघडून बुचं पाही. एकही वर सरकलं नाही. पट्टी बुडवायला म्हणून त्यानं एक बाटली उघडली, तर मनिषा म्हणाली, "उघडली ना, आता ती फ्रीजमध्ये, आणि चार दिवसांत संपवायची." हे त्याचंच वाक्य होतं, तिच्या तोंडून ते जास्त खरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी माळेगावच्या मांडवात कटलेटच्या टेबलावर सॉस मांडला गेला, आणि नागेशच्या एक गोष्ट लक्षात आली जी आधी यायला हवी होती. सलाईनच्या बाटलीत लाल सॉस भरला की तो सॉस दिसत नाही. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी बाटल्यांकडे पाहून आपली प्लेट दुसऱ्या हातात घेतली. मागचा म्हणाला, "रक्तदान पण ठेवलंय वाटतं. चांगला उपक्रम आहे."

अशा वेळी शांत राहणं इष्ट असतं. नागेशनं खिशातून पट्ट्या काढल्या. बाटली उघडली की वाढण्याआधी तपासायची, असं त्यानं स्वतःशी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं तो मोडत नसे. त्यानं पहिल्या बाटलीत पट्टी बुडवली आणि उजेडाकडं धरून डोळे बारीक केले. रांग थांबली. मनिषाच्या आत्या, लीलाबाई, काठी टेकत पुढं आल्या.

"मनिषा, तुजा नवरा साखर कारखान्यात हाय म्हनं. मग रगात कशापायी तपासतोय?"

मांडवात हशा पिकला. संभाजीरावांनी आचाऱ्याला नजरेनं खुणावलं. आचारी टेबलाखाली वाकला आणि बाजारातल्या सॉसचा डबा हळूच बाहेर काढू लागला. विहीणबाई समोरच उभ्या होत्या. त्यांच्या प्लेटमधलं कटलेट कोरडं होतं आणि चेहऱ्यावर फोनवरचा तो 'वा' होता, आता नीट दिसेल असा.

मनिषा पैठणी सावरत आली. तिनं नवऱ्याच्या हातातली पट्टी काढून घेतली, बघितली, त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली. तिनं एक प्लेट उचलली, दोन कटलेट घेतले आणि सलाईनची बाटली एक रेघ उतरेपर्यंत त्यांच्यावर उपडी केली. विहीणबाईंच्या समोर उभं राहून पहिलं कटलेट खाल्लं. घाई केली नाही. दुसरं खाल्लं. प्लेटमध्ये उरलेला सॉस बोटानं निपटला.

"द्या हो आणखी," ती नागेशला म्हणाली.

लीलाबाईंनी काठी बगलेत धरली आणि भाचीच्या प्लेटमध्ये बोट बुडवून चाखलं. सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले.

"आंबट हाय," त्या म्हणाल्या.

"असायलाच पाहिजे," नागेश म्हणाला. मांडवातलं त्याचं एवढंच भाषण झालं.

"मी कुटं नको म्हनलं? घाल हितं."

मग विहीणबाईंची प्लेट पुढं आली. त्यांनी आधी कडेला थेंबभर घेतला, मग मधोमध. "मिरी जाणवतेय," त्या आपल्या यजमानांना म्हणाल्या. "विकतच्याला नसते." आचाऱ्यानं डबा पायानं आत सरकवला. त्यानंतर रांग टेबलाला टेकली ती हलेना. ज्या गृहस्थांना रक्तदान वाटलं होतं ते तिसऱ्यांदा आले आणि बाटलीवरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "इथपर्यंत." दुसऱ्या पंगतीच्या आत बाटल्या संपल्या. संभाजीराव नव्या धोतरात फिरून प्रत्येकाला सांगत होते, "घरचा हाय. पोरगी आधीपास्नं सांगत हुती."

पाठवणीच्या गडबडीत विहीणबाईंनी मनिषाचा हात धरला. "दोन बाटल्या आमच्याकडं पाठवाल का? मुलगी माहेरी आली की तिला तिच्या नव्या घरचंच काहीतरी मिळाल्यासारखं वाटेल."

"पाठवते की," मनिषा म्हणाली.

"मला येक," लीलाबाई म्हणाल्या. "चांगली मोठी."

"तुम्हाला दोन, आत्या."

मग सांगवीच्या मावशीला, फलटणच्या चुलतीला, नव्या नवरीच्या मामीला. मनिषा एकेकीला नावानिशी हो म्हणत गेली, आवाज न चढवता, माहेरच्या अंगणात मधोमध उभी राहून. नागेश तिच्या मागं दोन पावलांवर होता. वैशाखात आता चांगले टोमॅटो मिळायचे नाहीत, डॉक्टरांच्या माळ्यावर आता एकही बाटली उरलेली नाही, हे त्याला तिला सांगायचं होतं. पण प्रत्येक हो म्हणताना ती क्षणभर मागं वळून त्याच्याकडं बघत होती, आणि मांडवात उभा असलेला जावई जे करू शकतो तेवढंच तो करत होता. मान डोलावत होता.